डोंगर-नद्या काढून घर चालतं का?

पोकीप्सी, न्यूयॉर्क
१९ ऑक्टोबर

ती. आबांस आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आबा तुम्ही विचारलंत, "नोकरी सोडून डोंगर-नद्यांची चित्रं काढून घर चालतं काय रे?" तेव्हा माझी जीभ अडखळली. म्हणून लिहायला बसलोय.

नोकरी रागाच्या भरात सोडलेली नाही. एच-वन-बी व्हिसावर ज्या कंपनीनं बोलावलं तिचंच काम करायचं, बाहेर कमवायचं नाही, असा इथला नियम. बारा वर्षं रविवारी चित्रं काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. कुणी मागितलं तरी विकता येत नव्हतं. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना आला, ते बंधन सुटलं आणि मार्चमध्ये मी राजीनामा दिला.

हिशेब सांगतो. सात महिन्यांत नऊ चित्रं गेली. गॅलरी निम्मे पैसे ठेवते, फ्रेमचा खर्च आपला. शनिवारी आठ जणांना शिकवतो, ते पैसे ठरलेले. घराचा हप्ता आणि आजारपणाचा विमा तुमच्या सुनेच्या नोकरीवर आहे. हे लपवायचं नाही, तिच्यामुळेच जमतंय.

इथून तासाभरावर कॅट्सकिल गावात थॉमस कोल या चित्रकाराचं घर जपून ठेवलंय. तोही बाहेरूनच आलेला. जन्म १८०१ चा, इंग्लंडमधल्या बोल्टनचा. तिकडं कापडावरच्या छपाईसाठी नक्षी कोरायचा. १८१८ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. १८२५ मध्ये याच हडसन नदीनं वर जाऊन त्यानं डोंगर रंगवले, आणि न्यूयॉर्कच्या एका दुकानात ठेवलेली तीन चित्रं तीन चित्रकारांनी प्रत्येकी २५ डॉलरला घेतली. त्या घराच्या ओसरीवरून समोर तेच डोंगर दिसतात. मी तिथं बराच वेळ उभा होतो.

सध्या पानं पिकलीत. मेपलचा लाल सरळ ट्यूबमधून लावला तर झाड कागदी दिसतं. त्यात कणभर हिरवा घातला की ते डोंगराच्या अंगाला जाऊन बसतं. आबा, हे बघणं तुमच्याकडून आलंय. सायकलच्या दांडीवर बसवून रंकाळ्यावर न्यायचात. एकदा कॅम्लिनच्या पेटीतला निळा संपला म्हणून मी रडायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "पाणी निळं कुठाय? बघ की नीट." पाणी शेवाळी होतं आणि त्यात तळ्यातला दगडी संध्यामठ उलटा हलत होता. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान याच तळ्याकाठी बसून चित्रं काढायचे, हेही तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत.

माळ्यावरच्या लोखंडी पेटीत माझी सहावीतली चित्रांची वही असेल. दादा डिसेंबरात येतोय, त्याच्याकडे द्या. तो संध्यामठ मला आता मोठ्या कॅनव्हासवर घ्यायचाय.

आईनं गुडघ्याची गोळी चुकवू नये. थंडी इथं सुरू झालीय, पण तिनं विणलेला स्वेटर घालूनच नदीवर जातो. बाहीला रंग लागलाय, तेवढं तिला सांगू नका.

तुमचा
बाळू