काइन-हाबेलचा भाग वाचलास का?

प्रिय सोन्या,

व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र.

परवा फोनवर तू पोप फ्रान्सिसबद्दल किती भरभरून बोलत होतास, 2015 मधेच त्यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र लिहून क्लायमेटबद्दल सगळ्या जगाला कसं सुनावलं वगैरे. बरं वाटलं रे, प्रार्थनेला चल म्हटलं की ज्याला झोप येते तो माझा मुलगा पोपचं परिपत्र वाचतोय! मग मीही काढलं, सगळं नाही, जमेल तसं अधूनमधून. त्यात चक्क लिहिलंय की नको असलेले लाइट बंद करा, खाल तेवढंच शिजवा. आता मी तेच वीस वर्षं ओरडतेय, पण आईने सांगितलं की ती कटकट.

पण त्यातला बायबलमधल्या काइन आणि हाबेलचा भाग वाचलास का? पृथ्वीबद्दल बोलता बोलता मधेच हे दोघे भाऊ येतात. मला आधी कळेना यांचं इथे काय काम, मग लक्षात आलं, काइनने भावाला मारलं आणि पुढे जमीनच त्याला पीक देईना. देवाशी, माणसाशी आणि जमिनीशी असलेली नाती एकमेकांत गुंतलेली आहेत, असं पोप म्हणतात.

आणि हा माणूस नुसता लिहून थांबला नाही. 2019 च्या एप्रिलमधे दक्षिण सुदानचे पुढारी व्हॅटिकनला बोलावले, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे विरोधक रिएक माचार, ज्यांच्या भांडणापायी लाखो लोक घरदार सोडून पळाले होते. शेवटी काय केलं तर 82 वर्षांचा हा म्हातारा, पाय कायम दुखणारा, लोकांनी धरून खाली टेकवला आणि त्याने त्या पुढाऱ्यांच्या बुटांचं चुंबन घेतलं. भाऊ म्हणून मागतोय, शांततेत राहा, म्हणाले. व्हिडिओ बघ एकदा, उठता-वाकताना किती त्रास होतोय ते दिसतं. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं एकत्र सरकार आलं, नंतर परत बिनसलंच, तेव्हा तू म्हणशील काय उपयोग. असेलही.

तू आणि दादा चार महिने बोलत नाही आहात. चूक दादाची आहे, मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण तू क्लायमेटच्या मोर्चात बोर्ड घेऊन उभा राहतोस आणि त्याचा फोन आला की कट करतोस, हे मला खटकतं. (मी तरी कुठे शहाणी, तुझ्या मावशीशी दोन वर्षं अबोला धरला होता, कशावरून ते आता आठवतही नाही.)

बाय द वे, तुझी गॅलरीतली रोपं मस्त आहेत. मला वाटलं बाबा पाणी घालतात, तर काल पहाटे बघितलं, दादा पाण्याचा मग घेऊन उभा होता. मी काही बोलले नाही.

तुझी,
आई