शिंपल्याच्या खिडकीतला पोदेर

महोदय,

आमच्या शेजारच्या एक ताई पाडलेल्या जुन्या घरांच्या खिडक्यांतली शिंपल्यांची तावदाने जमवून त्यांवर चित्रे काढतात. सायकलवर पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, पण टोपलीत पावांऐवजी मांजरे. माटोळीच्या, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या, नारळावर बसून झोके घेणारी खारूताई. मागे दिवा धरला की दुधाळ उजेडात चित्र जागे होते. माझी नात तासन्‌तास समोरून हलत नाही. उतरवलेल्या मंगळुरी कौलांवर त्या कावी नक्षी करतात, आपल्या गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवर असते तशी. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. हात थरथरला तर दुरुस्ती नाही.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात त्यांची मांडणी कोपऱ्यात, जनरेटरपाशी होती. दर्शनी जागा फ्रिजवर लावायच्या छापील चुंबकांना. चार दिवसांचे काम लोक शंभर रुपयांत मागत होते. मला फार वाईट वाटले. चतुर्थीच्या बाजारांत आयोजकांनी हाताने काम करणाऱ्यांना पुढची जागा द्यावी आणि तिथेच बसून काम करू द्यावे. कोरण्याचे काम ज्याने पाहिले, तो माणूस असा भाव करत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

– एक वाचक, डिचोली