हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एक नव्हेत

संपादक महोदय,

आरोग्यविषयक मजकूर मराठीत येताना शरीराविषयीचे जवळजवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द सर्रास एकाच मापाने मोजले जातात. सर्वांत धोकादायक घोळ ‘हार्ट अटॅक’ आणि ‘कार्डिॲक अरेस्ट’ यांचा. दोन्हींना ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणून मोकळे होण्याची सवय पडली आहे.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीमुळे बंद होते आणि स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. हृदय मात्र बहुतेक वेळा धडधडत असते. माणूस शुद्धीवर असतो. छातीवर दडपण आलेय, हात किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय, असे तो स्वतः सांगतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये रक्त ढकलण्याचे कामच थांबते. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनमधून आचके दिल्यासारखा येतो. हे आचके पाहून ‘श्वास चालू आहे’ असा समज होतो आणि मोलाची मिनिटे तिथेच जातात.

करायचे तेही वेगळे. रुग्णवाहिका दोन्ही वेळी लगेच बोलवायची, पण अटॅक आलेल्याला टेकवून बसवायचे आणि चालू द्यायचे नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाची छाती दाबायची नसते. अरेस्टमध्ये मात्र रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचेच नाही. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब द्यायचा: प्रौढ व्यक्तीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ‘एईडी’ हे शॉक देणारे यंत्र मिळाले तर ताबडतोब लावायचे. काहीच केले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, त्यामुळे एकाच बातमीत दोन्ही शब्द येणे चूक नाही. कोणते आधी घडले ते मात्र कळले पाहिजे.

‘स्टमक’ आणि ‘ॲब्डोमेन’ या दोघांसाठी आपण ‘पोट’ लिहितो. स्टमक म्हणजे जठर, बरगड्यांच्या खाली काहीसे डावीकडे असलेली पिशवी. ॲब्डोमेन म्हणजे श्वासपटलापासून (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यापासून) ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग. यकृत, प्लीहा, आतडी सारे त्यात आले. म्हणून ‘स्टमक कॅन्सर’ला ‘पोटाचा कर्करोग’ म्हटले की तो जठराचा, यकृताचा की मोठ्या आतड्याचा, काहीच बोध होत नाही. अपेंडिक्सला सूज येते तेव्हा दुखणे बरेचदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. ‘पोट दुखते’ एवढ्यावर भागवले तर हा सरकण्याचा तपशीलच हरवतो, आणि डॉक्टरला नेमका तोच हवा असतो.

‘आर्म’चा ‘हात’ केल्याने काय होते ते रक्तदाब मोजताना दिसते. तिथे आर्म म्हणजे दंड. पट्टा दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर, आणि दंड हृदयाच्या पातळीत टेकवलेला. दंडाचे यंत्र मनगटाला गुंडाळले किंवा हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा चुकतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर दाब खरा असेल त्यापेक्षा जास्त दिसतो. दंड, कोपर, मनगट, पंजा, मांडी, नडगी, पोटरी, घोटा, पाऊल असे नेमके शब्द मराठीत घरोघरी असताना सगळीकडे ‘हात’ आणि ‘पाय’ लिहिणे हा निव्वळ आळस आहे.

‘वेस्ट’ आणि ‘हिप’चेही तेच. शस्त्रक्रियेत ‘हिप’ बदलतात तो खुब्याचा सांधा, कंबर नव्हे. कंबर-नितंब गुणोत्तर काढताना कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. नितंब जिथे सर्वांत रुंद तिथे. कंबरेच्या मापाला नितंबाच्या मापाने भागले की गुणोत्तर येते; पुरुषांत ०.९० आणि स्त्रियांत ०.८५ पासून पुढे मधुमेह, हृदयविकार अशा आजारांचा धोका वाढलेला मानतात. पँटच्या लेबलवरचा कंबरेचा आकडा इथे चालत नाही.

‘स्प्रेन’मध्ये हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो, ‘स्ट्रेन’मध्ये स्नायू, किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा. बोलीत हा भेद आहेच: घोटा मुरगळतो, पाठीत उसण भरते. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. सुरुवातीलाच चोळून-रगडून सूज वाढते.

‘ॲक्यूट’साठी पाठ्यपुस्तकांपासून ‘तीव्र’ हा शब्द रूढ आहे, पण वाचक त्याचा अर्थ ‘फार जोराचा’ असा घेतो. ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेला, थोड्या काळाचा. तो सौम्यही असू शकतो. साधी सर्दीही ॲक्यूटच. उलट जुनाट दुखणे तीव्र असू शकते. ‘अचानक उद्भवलेला’ लिहायला दोन शब्द लागतात, ते लागू द्यावेत. ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे दाह, ‘इन्फेक्शन’ म्हणजे जंतुसंसर्ग. संधिवाताभ सांधेदुखीत (रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये) दाह असतो, जंतू नसतात, त्यामुळे तिथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दोन्हींना ‘संसर्ग’ म्हटले की वाचक ती गोळी मागायला जातो.

देवनागरीत लिप्यंतर केले की प्रश्न सुटतो, असेही नाही. इंग्रजीत एका अक्षराच्या फरकाने वेगळे असलेले दोन शब्द आपल्याकडे ‘इलियम’ असे एकच होतात: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरे कुल्ह्याचे हाड. तिथे ‘शेषांत्र’ किंवा ‘कुल्ह्याचे हाड’ असेच छापावे.

आपला,
वैद्यकीय मजकुराचा एक अनुवादक