नवीन सेल्फ मागवू नकोस, आधी हे वाच

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज रात्री वाचला, "गाडी परत रुसली, उद्या नवीन सेल्फ मागवतोय". तेव्हाच फोन करणार होतो, पण फोनवर तू ऐकून घेत नाहीस, मधेच "हो रे कळलं" म्हणतोस आणि शेवटी तुला करायचं तेच करतोस. म्हणून लिहूनच काढतो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस. सेल्फ, म्हणजे ती इंजिन चालू करणारी मोटर, मात्र हे वाचून होईपर्यंत मागवू नकोस.

माझ्या गाडीने मला गेल्या वर्षी जे नाचवलं ते मी तुला अर्धवटच सांगितलंय, कारण त्यातला बराच भाग माझ्याच मूर्खपणाचा होता. तुला गाडी माहितीच आहे, तिशी ओलांडलेली जर्मन बाई, दोन दारं, मागची सीट नावापुरती. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची. अर्धा तास फिरवून बंद केली आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की नुसता टक्. कधी कधी तर टक् पण नाही. मग बोनेट उघडून उगाच इकडेतिकडे बघायचं, दोन वायरी हलवायच्या, वीस मिनिटांनी परत किल्ली फिरवली तर जणू काही झालंच नव्हतं. तुझंही हेच चाललंय ना?

मी काय केलं, तर बॅटरी बदलली. चार दिवस एकदम मस्त, पाचव्या दिवशी टक्. मग सेल्फ उतरवला, नवीन कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) टाकून आणला, बेंचवर बॅटरीला जोडून बघितला तर भन्नाट फिरला, परत बसवला, आठवडाभर बरं चाललं आणि मग परत टक्. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे मी दोन संन्यासी लटकवले. आणि खरा घोळ त्या "चार दिवस बरं चाललं" मध्येच आहे बघ. बॅटरी बदलताना तू टर्मिनल काढतोस, घासतोस, परत आवळतोस. सेल्फ काढताना त्याची जाड वायर सुटते, परत नीट घट्ट बसते. बरं वाटतं ते त्या आवळण्यामुळे, आणि श्रेय मिळतं नवीन पार्टला. गंजलेला सांधा असा थोडा हलवला की काही दिवस शहाण्यासारखा वागतो.

मला खरा क्लू कशाने मिळाला ऐकशील तर हसशील. एकदा असाच टक् टक् चालू असताना मी चिडून सात-आठ वेळा लागोपाठ सेल्फ मारला आणि खाली उतरून बोनेटमधे हात घातला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम. इंजिनची उष्णता म्हणावी तर ती इंजिनपासून लांब होती, बॉडीतून जिथे बाहेर येते तिथे. आणि पेडलही जरा जड लागत होतं. मला काही कळेना, नंतर डोक्यात ट्यूब पेटली. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट खातो, तेवढाच करंट इंजिनमधून परत बॅटरीच्या मायनसला जायला हवा, त्यासाठी इंजिन आणि बॉडीच्या मधे जाड अर्थिंगची पट्टी असते. ती पट्टी आतून कुजली होती, त्यामुळे बिचारा करंट मिळेल त्या वाटेने घरी चालला होता, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून!

पट्टी मी आधी चेक केली नव्हती असं नाही हं. मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, लावून बघितलं होतं, शून्य दाखवत होता, म्हणून "ओके" म्हणून पुढे गेलो होतो. इथेच मी फसलो आणि तूही फसशील. मीटर ओहम मोजताना वायरमधून अगदी चिमूटभर करंट सोडतो, तेवढा तर तांब्याची एक तार शिल्लक असली तरी आरामात जातो. पण ०.०१ ओहम, जो साध्या मीटरवर दिसतच नाही, त्यातून १५० अँपिअर गेला की दीड व्होल्ट तिथेच खलास. म्हणजे गुन्हा करंट वाहत असतानाच घडतो, गाडी गप्प उभी असताना मोजून काही हाती लागत नाही.

मोजायचं कसं ते सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला म्हणजे इंजिन चालूच होणार नाही आणि तुला मोजायला वेळ मिळेल. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर धर, क्लँपवर नाही, कारण बरेचदा क्लँप आणि खुंटीच्या मधेच पांढरी पूड साचलेली असते. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कोणालातरी किल्ली फिरवायला सांग आणि आकडा बघ. ०.२, फार तर ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे आला १.६! पट्टी काढली तर वरून कव्हर छान काळंभोर आणि थिंबलपाशी (टोकाच्या धातूच्या कडीपाशी) दाबलं तर आत सगळं हिरवं पीठ. नवीन जाड पट्टी टाकली, दोन्ही बाजूंचा रंग घासून चकचकीत धातू काढला (रंगावर बोल्ट आवळून उपयोग नाही), मग परत मोजलं, ०.१५. सेल्फचा आवाजच बदलला रे, मला वाटलं दुसरीच गाडी आहे.

आता तुझ्या गाडीचं. तू लिहिलंयस "कधी टक् होतं, कधी काहीच नाही". हे दोन वेगळे आजार असू शकतात, ते एकात कालवू नकोस. आतला छताचा दिवा लावून ठेव आणि किल्ली फिरवताना त्याच्याकडे बघ. टक् झालं आणि दिवा एकदम मंद झाला तर करंट जातोय पण कुठेतरी अडतोय किंवा बॅटरीच दमलीये. दिवा पूर्ण विझला आणि परत सगळं मेलेलं, तर बॅटरीचा क्लँप बघ आधी. आणि दिवा ढिम्म, जराही हलला नाही, आवाजही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये, मग सेल्फ बदलून काय होणार?

हुकुमाची वायर म्हणजे सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचवर) जी बारीक वायर येते ती, जर्मन गाड्यांत तिचा नंबर ५०. ती किल्लीच्या स्विचमधून येते, ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या स्विचमधूनही, मधे दोन-तीन कनेक्टर, आणि सोलेनॉइड पहिल्या झटक्याला तीस-चाळीस अँपिअर मागतो. तीस वर्षं वापरलेल्या किल्लीच्या स्विचचे आतले कॉन्टॅक्ट जळून काळे झालेले असतात. वर गरम झाल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीमागे साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे एक्झॉस्टशेजारी बसलेला सोलेनॉइड ८० डिग्रीने तापला तर तीसेक टक्के जास्त, आणि त्यामुळे त्याचा जोर कमी. थंड असताना कसंबसं जमतं ते गरम असताना जमत नाही, इतकं साधं आहे ते. माझ्याकडे टक् पण न होण्याचं कारण हेच निघालं, बॅटरीवर १२.४ आणि ५० नंबरवर ८ च्या आत. किल्लीच्या मागचा स्विच बदलला, तो वेगळा मिळतो, पूर्ण लॉक बदलावं लागत नाही. लोक इथे एक जादा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून मोकळे होतात. वाईट नाही, पण स्विच जळलाय हे माहीत असताना त्यावर रिलेचं पांघरूण घालणं मला पटत नाही. तुझी गाडी, तू ठरव.

अजून एक, तू मागे म्हणाला होतास की चालता चालता एकदा बंद पडली आणि मग सेल्फ फिरत होता पण इंजिन पकडत नव्हतं. तो तिसराच प्राणी आहे, सेल्फशी त्याचा संबंध नाही. परत झालं तर आरपीएमच्या काट्याकडे बघ. गाडी गिअरमध्ये पळत असताना काटा धपकन शून्यावर आला तर इग्निशन किंवा त्याची वीज गेली, काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर पेट्रोलकडे वळ. माझा धपकन आला होता. मेन रिले काढला, झाकण उघडलं, भिंगाखाली बघितलं तर एका पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर. गरम झालं की चीर उघडणार, थंड झालं की मिटणार. परत सोल्डर केलं आणि तेव्हापासून गप्प आहे, तरी एक नवीन रिले ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय. रिलेच्या जागी ३० आणि ८७ नंबरच्या पिनांमधे वायर टाकून टेस्ट करता येतं, पण ती वायर तशीच ठेवून फिरू नकोस हां. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद पडलं की पंपाची वीज आपोआप तुटते, अपघातात तीच उपयोगी पडते, आणि तुझी वायर नेमकी ती सोय मारते.

तर आता तू एवढंच कर. गाडी अर्धा तास फिरव, गरम कर, ती रुसेपर्यंत थांब, आणि रुसली की वायरी हलवू नकोस, हात मागे बांधून ठेव, मीटर काढ. मला तीन आकडे पाठव, किल्ली फिरवलेली असतानाचे. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर किती (९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी टेस्ट करून घे), मायनस खुंटी ते इंजिन किती, आणि ५० नंबरवर किती. छताचा दिवा काय करतो तेही लिही. मग सेल्फचं बघू.

तुझा,
पक्या

ता.क. रात्रभरात बॅटरी उतरते म्हणालास ते राहिलंच. ग्लोव्हबॉक्समध्ये मोबाईलवर व्हिडिओ चालू करून झाकण लाव. माझा आतला बल्ब सहा महिने दिवसरात्र जळत होता आणि मी अल्टरनेटरला शिव्या घालत होतो.