मर्ढेकरांचा उंदिर ऱ्हस्वच राहू द्या

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीतला नवकवितेवरचा लेख वाचला. लेख तसा बरा आहे, पण मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' मुक्तछंदात, म्हणजे मात्रांच्या ठरलेल्या मापाशिवाय, आहे असं त्यात बिनधास्त ठोकून दिलंय. वर कविता छापताना कुणीतरी शुद्धलेखन तपासून उंदीर, गरीब, देऊन असं सगळं दीर्घ करून टाकलंय. म्हणजे आधी आपणच मात्रा बिघडवायच्या आणि मग म्हणायचं की छंदच नाही!

जरा बोटांवर मोजून बघा, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ किंवा अनुस्वारवाल्याच्या दोन. 'पिपांत मेले' 8, 'ओल्या उंदिर' 8, झाल्या 16, सरळसरळ पादाकुलक, म्हणजे ओळीला 16 मात्रांचं जुनं वृत्त. उंदीर केलं की 17 होतात आणि ओळ लंगडते. 'गरिब बिचारे बिळांत जगले, पिपांत मेले उचकी देउन' इथेही तेच.

आता 'माना पडल्या, मुरगळल्याविण' घ्या. जोडाक्षर दिसलं की मागचं अक्षर गुरू (दोन मात्रांचं) धरायचं असं शाळेत घोकलेलं असतं, त्यामुळे लोक ड च्या दोन मात्रा धरतात आणि म्हणतात बघा जुळत नाही. अहो पण पडल्या म्हणताना ल्या चा आघात मागे येतच नाही, ड लघुच (एक मात्रेचाच) राहतो. तेच 'आसक्तीविण' मध्ये क्ती चा दणका स वर बसतो म्हणून तो गुरू. कानाने मोजलं तर दोन्ही ओळी बरोब्बर 16.

आणि यमक? दुसरी आणि चौथी ओळ दोन्ही 'माना पडल्या' नेच सुरू होतात, शेवटी दोन्हीकडे 'विण', बदलतं ते एवढंच की आधी मुरगळणं होतं तिथे आता आसक्ती आली, मधे 'ओठांवरती ओठ मिळाले'. मरण आणि संभोग एकाच साच्यात बसवलेत, तेही बडबडगीताला शोभेल अशा ठेक्यात, म्हणून तर अंगावर काटा येतो. ह्यावर लेखात अवाक्षर नाही.

मुक्तछंदाचंच उदाहरण हवं होतं तर कवी अनिलांची 1940 ची 'भग्नमूर्ती' होती की. मर्ढेकर 1947 च्या 'काही कविता' मध्येसुद्धा जुनी वृत्तं सोडत नाहीत. त्यांची 'गणपत वाणी बिडी पिताना' ही कविताही मोठ्याने म्हणून बघा, ठेका तोच आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी ही कविता ऱ्हस्व उंदरासकट परत छापा, ही विनंती.

आपला एक नेहमीचा वाचक