बॉयलरवरचा दुसरा नॉब

महोदय,

थंडी आली की घर गरम ठेवण्याच्या खर्चावर सल्ले सुरू होतात आणि ते सगळे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपाशी येऊन थांबतात. एक अंश खाली घ्या, स्वेटर चढवा. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या खोलीत २१ अंश राहणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं सांगितलं, तेव्हाच वृद्धांना याहून जास्त लागू शकतं हेही म्हटलं होतं. म्हणून मी खोलीचं नाही, बॉयलरमधल्या पाण्याचं तापमान उतरवलं.

आमचा बॉयलर कॉम्बी आहे, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये फिरणारं पाणी, दोन्ही तोच वेगळ्या टाकीशिवाय तापवतो. त्यावर दोन नॉब आहेत. एकावर नळाचं चित्र, दुसऱ्यावर रेडिएटरचं. हा दुसरा बसवल्या दिवसापासून ८० अंशांवर होता. बसवणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. खरी मेख तिथेच आहे. नैसर्गिक गॅस जळताना त्यातून पाण्याची वाफ तयार होते आणि गॅसच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे १० टक्के तिच्यात अडकते. कंडेन्सिंग बॉयलर त्या वाफेचं पाणी करून ही उष्णता परत मिळवतो, पण त्यासाठी रेडिएटरमधून फिरून आलेलं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. परतीच्या नळीला थर्मामीटर बांधून मी दोन दिवस आकडे लिहिले. ते ६० च्या पुढेच. म्हणजे वाफ धुराबरोबर बाहेर जात होती आणि आम्ही बॉयलर ‘कंडेन्सिंग’ आहे म्हणून निश्चिंत होतो!

नॉब ६० वर आणला. परतीचं पाणी ४५ च्या आसपास आलं. बॉयलरखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून वाफेचं झालेलं पाणी पूर्वी क्वचित येई, आता ते वारंवार पडतं. खोल्या तापायला वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळी अर्धा तास आधी चालू करते. कडाक्याच्या दिवसांत ६५ करते. सासूबाईंना फरक जाणवलेला नाही.

रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर १ ते ५ आकडे असतात. ५ केल्याने खोली लवकर तापत नाही. तो आकडा खोली किती गरम ठेवायची ते ठरवतो. ३ म्हणजे साधारण २० अंश.

एक मात्र कळकळीने सांगते. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर माझं अनुकरण करू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, कारण न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतात. ६० ला तापवायचं तर बॉयलरमधून येणारं पाणी त्याहून गरमच लागणार. अशा घरात जाणकाराला विचारूनच हात लावा.

बसवणाऱ्याने जाण्याआधी हा नॉब घरातल्या माणसाला दाखवावा, तो किती अंशांवर ठेवला आणि का, हे बॉयलरवर चिकटवलेल्या कागदावर लिहावं. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या बॉयलरवर तो कागद मीच चिकटवला आहे.

— एक निवृत्त शिक्षिका