भाजीचे रोप म्हणून विकलेल्या होस्टाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘खाण्याजोगा होस्टा’ म्हणून पाठवलेली, कीटकनाशक दिलेली रोपे

महोदय,

‘सावलीत वाढणारा, शोभेचा आणि भाजीचाही’ ही आपली मराठी जाहिरात वाचून मी एप्रिलमध्ये होस्टाची तीन रोपे मागवली. रोपे टवटवीत आली, त्याबद्दल काही म्हणणे नाही. इकडे न्यू जर्सीत होस्टा छान होतो. हिवाळ्यात वरचे सगळे मरते आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. हरणे ठेवतील तेवढे आपले.

पाणी घालताना कुंडीवरचे आपले ‘भाजीचा होस्टा’ हे स्टिकर सुटून आले. त्याखाली मूळ उत्पादकाची चिठ्ठी निघाली: शोभेचे रोप, इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलेले, खाऊ नये. नेमक्या या इशाऱ्यावरच आपण स्टिकर डकवले होते.

फोन केला तर आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, पाने स्वच्छ धुऊन घ्या.” अहो, हे औषध मुळांतून शोषले जाऊन पानापानांत भिनते. ते धुऊन कसे जाणार?

सोबतचे माहितीपत्रक तर त्याहून धोक्याचे आहे. जपानमध्ये, यामागाताकडे विशेषतः, होस्टाचे कोंब ‘उरुई’ म्हणून खातात. तेही पान उलगडण्याआधीचे, घट्ट गुंडाळलेले. आपण मोठ्या पानांच्या वड्या करायला सांगता. (अळू समजलात की काय?) आणि कोंबांचा म्हणून छापलेला फोटो होस्टाचा नाहीच, तो व्हेराट्रमचा दिसतो. होस्टाच्या पानाला देठ आणि ठळक मधली शीर असते. फोटोतली पाने बिनदेठाची, थेट खोडाला बिलगलेली आणि चुण्या पडलेली आहेत. व्हेराट्रम विषारी आहे, इथल्या ओलसर रानांत आपोआप उगवतो आणि जपानमध्ये उरुई समजून व्हेराट्रमच्याच जातकुळीतले झाड खाल्ल्याने विषबाधा झालेल्या आहेत. कुत्र्या-मांजरांना खुद्द होस्टाही बाधतो, त्याचा पत्रकात उल्लेखही नाही.

‘शोभेच्या झाडांवर परतावा नाही’ हे आपले उत्तर मला मान्य नाही. पैसे घेताना ती भाजी होती.

रोपांची किंमत पाठवणीच्या खर्चासह परत करावी. ही रोपे घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ती न खाण्याबद्दल ताबडतोब कळवावे आणि पत्रक मागे घ्यावे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार नोंदवीन.

स्टिकर, चिठ्ठी, पत्रक आणि पावती यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक